बाहेरून धरलेलं पाणी

त्या दिवशी सकाळी मी घरातून निघाले ती फक्त दोरी आणायला.

चरबीत भिजवलेली, चौकोनी विणीची, करंगळीएवढी जाड दोरी. दुकानदारानं ती हातानं मोजून कापली, कागदात गुंडाळली आणि विचारलं, "बोटीत पाणी येतंय वाटतं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

"आधी थोडंसंच येतं," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे मुद्दाम सांगते, कारण ही हकीकत ऐकली की लोक मला विचारतात, सकाळपासून काही जाणवत होतं का? मन थाऱ्यावर नव्हतं का? तसं काहीही नव्हतं. मी पोटभर खाऊन निघाले होते. आभाळ पांढुरकं होतं, वारा पडलेला होता, धक्क्यावर नेहमीचे दोन कुत्रे नेहमीच्या जागी झोपले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: दुपारी चार वाजता तपासनीस साहेब येणार.

बोट माझ्या मामाची. पस्तीस फुटांची, लाकडी, एका डोलकाठीची शिडाची बोट. पाच वर्षं ती धक्क्याला बांधून पडली होती. मी सात वर्षं परदेशात राहून बोटींची रचना शिकले आणि परत आले ती एक बेत घेऊनच. खाडीच्या पलीकडे सात लहान बेटं आहेत. तिथे डॉक्टर नाही. कुणाला ताप चढला, कुणाचा हात मोडला, की मासळीच्या बोटीतून, बर्फाच्या पेट्यांवर झोपवून आणतात. वाऱ्यावर चालणारी, परिचारिका घेऊन आठवड्यातून दोनदा फेरी मारणारी बोट तिथे का असू नये? मी हे मामाला पहिल्याच रात्री, सामान न उघडताच सांगितलं होतं. इंधन नाही, धूर नाही, वारा तर फुकट आहे!

"वारा फुकट आहे," मामा म्हणाला होता, "पण तो तुझ्या नोकरीला नाही."

तरी त्यानं बोट दिली. किल्ली काढून हातात ठेवली आणि म्हणाला, "घे. मी तिच्यावर पाय ठेवणार नाही, बाकी तू जाण." मला वाटलं, वय झालं, गुडघे दुखतात.

आता तो गळतीचा मामला काय ते सांगते. शिडाच्या बोटीलाही अरुंद खाडीत शिरताना इंजिन लागतं. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात, आणि दोघांना जोडणारा लोखंडी दांडा बोटीच्या अंगातून आरपार गेलेला. दांडा जातो तिथे भोक आलंच, आणि ते भोक पाण्याच्या पातळीखाली हातभर. म्हणून दांड्याभोवती ही चरबीची दोरी ठासून भरतात आणि वरून एक मोठा नट आवळतात. तरी मिनिटाला चारेक थेंब आत पडतात. ते पडायलाच हवेत, दांडा फिरताना त्या ओलाव्यानंच थंड राहतो. पण आमची दोरी पाच वर्षांत वाळून काथ्यासारखी झाली होती. नट आवळून आवळून संपला होता. थेंबांची बारीक धार झाली होती, आणि साहेबांनी आदल्या भेटीत ती धार पाहून मान हलवली होती. "गुरुवारी चारला येतो," ते म्हणाले होते. "तळ कोरडा दिसला तर परवाना. नाहीतर पुढच्या मोसमात."

पुढचा मोसम म्हणजे चार महिने.

मामा गोदीत, त्याच्या कामाच्या शेडमध्ये होता. गोदीतल्या सगळ्या बोटींची इंजिनं त्याच्याच हातची. दोरीचा कागद पाहिला आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"उधाणाची भरती आठ दिवसांवर आहे," तो म्हणाला. "त्या भरतीला बोट उतारावर ओढू. कोरड्यात दोरी बदल. पाण्यात असताना तो नट सोडायचा नाही."

"सगळे पाण्यातच बदलतात की, मामा. परवा त्या निळ्या बोटीचं तूच बदललंस."

"निळीचं बदललं. हिचं नाही."

"हिला काय झालंय?"

त्यानं दोरीचा कागद बाजूला सारला. मी मात्र पेटले. मला पेटायला वेळ लागत नाही. "आज चार वाजता मुदत संपते. मग चार महिने. त्या चार महिन्यांत बेटांवर कुणी आजारी पडायचं नाही, अशी व्यवस्था तू करणार आहेस का?"

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लहानपणी तुला बोलायला उशिरा आलं होतं. तुझी आई किती काळजी करायची. उगाच केली."

मी हसले. तो हसला नाही. पाना उचलून शेडच्या मागच्या बाजूला निघून गेला.

मी पाणकावळ्याला फोन केला.

तो आमच्या गोदीतला पाणबुड्या. पाण्यातून वर आला की दोन्ही हात पसरून उन्हात वाळत उभा राहतो, म्हणून त्याला सगळे पाणकावळा म्हणतात. पाण्यात असलेल्या बोटीची दोरी बदलायची आमच्याकडची रीत अशी: पाणबुड्या बाहेरून खाली जातो, दांडा जिथे बोटीबाहेर येतो तिथे ग्रीस लावलेला कापडाचा पट्टा गुंडाळतो आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरतो. श्वासासाठी तोंडात नळी, नळीचा पंप धक्क्यावर. धरलं की तो बोटीच्या अंगावर बाहेरून दोन ठोके देतो. म्हणजे, धरलंय, कर सुरुवात. मग आतला माणूस नट सोडतो, जुनी दोरी काढतो, नवी भरतो, नट आवळतो आणि आतून तीन ठोके देतो. म्हणजे, झालं, वर ये. तीन ठोके ऐकल्याशिवाय बाहेरचा हात सोडत नाही. सोडला तर आतल्या माणसाच्या तोंडावर समुद्र.

"अकरा वाजता उतरतो, ताई," पाणकावळा फोनवर म्हणाला. "तुम्ही आत तयार राहा. मी काही वर येऊन नमस्कार-चमत्कार करत बसत नाही, सरळ पाण्यात जातो. दोन ठोके आले की लागा कामाला."

पावणेअकराला मी बोटीच्या पोटात शिरले.

इंजिनाच्या मागे, मागच्या बैठकीच्या फळ्यांखाली, एक माणूस पालथा पडून सरपटत जाईल एवढीच जागा आहे. कपाळावर दिवा बांधून मी तिथे आडवी झाले. डिझेलचा, जुन्या ग्रीसचा, कधीच न वाळलेल्या लाकडाचा वास. दिव्याच्या उजेडाचं वर्तुळ ताटाएवढं. त्यात पितळेचा नट, त्यातून गेलेला दांडा, आणि नटाच्या खालच्या कडेवरून सुटणारी ती बारीक धार. बाकी सगळा काळोख. कानाशी लाकूड, लाकडापलीकडे पाणी. पाणी बोटीच्या अंगाला लागायचं तेव्हा कुणीतरी तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवतंय असं वाटायचं. कुठेतरी एक इंजिन सुरू झालं. मी म्हटलं, पंप लावला पाणकावळ्यानं.

हत्यारं उजव्या हाताला मांडली. पाना, आकडा, सुरी, दोरी. अगदीच गडबड झाली तर भोकात कोंबायला चिंध्यांचा बोळा.

मग ठोके आले.

ठक. ठक.

माझ्या हाताच्या अगदी जवळ, लाकडाच्या पलीकडून. सावकाश दिलेले, स्वच्छ.

आणि धार थांबली.

मला आठवतं, मी मनात म्हटलं, काय माणूस आहे! मी नट सैल केला. एक थेंब नाही. पूर्ण सोडवून दांड्यावरून मागे सरकवला. थेंब नाही. बाहेरून पट्टा कितीही घट्ट धरला तरी पाणी पाझरतं, हे मी निळ्या बोटीच्या वेळी पाहिलं होतं. मामाच्या कोपरापर्यंत पाणी आलं होतं. इथे आकड्यानं जुन्या दोरीचे चार वेढे एकेक करून ओढून काढले, दांड्याभोवतीची फट मोकळी झाली, अर्ध्या बोटाची, काळी, समुद्राकडे उघडी. आणि ती कोरडी होती. मी बोट घालून पाहिलं. आतला गारवा बोटाला लागला, पाणी लागलं नाही.

"वा रे पाणकावळ्या," मी मोठ्यानं म्हटलं. लाकडातून आवाज जातो थोडाफार. "तुला बक्षीस दिलं पाहिजे."

उत्तर आलं नाही. तोंडात नळी, कसं येणार?

मी घाई करत होते आणि घाई केली की माझी बोटं जाड होतात. दोरीचा पहिला वेढा आखूड कापला, तो टाकून पुन्हा कापला. दुसरा नीट बसला. तिसरा हातातून निसटून तळात पडला, तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. वेढ्यांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथूनच पाणी वाट काढतं. मी पहिला वेढा पुन्हा काढला, फिरवून बसवला. मध्ये तोल सावरायला डावा हात दांड्यावर ठेवला तेव्हा दांडा किंचित थरथरत होता. जड वस्तू बराच वेळ धरून ठेवली की हात थरथरतो ना, तसा.

मला त्याची फार कणव आली. "दमलास का रे?" मी म्हटलं. "झालंच. दोन वेढे राहिले. मी आहे आत, सोडू नकोस हं."

थरथर थांबली. एकदम. कुणीतरी दम घेऊन पुन्हा पकड घट्ट करावी, तशी.

घड्याळात साडेअकरा वाजत आले होते. मी चौथा वेढा कापायला सुरी उचलली, आणि माझ्या पायांकडून, वरच्या झाकणातून हाक आली.

"ताई? माफ करा हं, उशीर झाला."

मी मान वळवली. झाकणाच्या चौकोनात, उजेडात, पाणकावळा वाकून उभा होता. खांद्यावर नळीचं वेटोळं. अंगात शर्ट. केस कोरडे.

"पंपाचा पट्टा तुटला होता," तो म्हणाला. "नवा आणायला गेलो. आता लावतो आणि उतरतो. पाच मिनिटं."

ते इंजिन अजून ऐकू येत होतं. पलीकडच्या मासळीच्या बोटीचं होतं ते.

"ताई…?"

"तू… खाली नव्हतास?"

"कुठे खाली?"

"पाण्यात. आत्ता. अर्धा तास."

तो हसायला लागला होता, पण माझा चेहरा बघून थांबला. झाकणातून खाली उतरला, गुडघ्यांवर आला, माझ्या खांद्यावरून दिव्याच्या उजेडात बघितलं. मागे सरकवलेला नट. मोकळी फट. कोरडी.

मग अगदी हळू, शेजारी कुणी झोपलं असावं तसं बोलला, "ताई, हलू नका. हात तिथेच ठेवा… मी मामांना बोलावतो."

तो गेला आणि मी एकटी उरले. एकटी म्हणायचं आपलं. मी हात दांड्यावर ठेवून पडून होते. भीती वाटत होती का? वाटत होती, पण किंचाळावं अशी नाही. एखाद्या मोठ्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरलो आणि तो मान वर न करता आपलं काम करत बसलाय, तशी. मी सात वर्षं पाण्याचा दाब शिकले होते. हातभर खोलीवर अर्ध्या बोटाच्या फटीतून मिनिटाला किती पाणी आत येईल हे मला तोंडपाठ होतं. ते पाणी येत नव्हतं.

पाच वर्षांत पहिल्यांदा मामानं त्या बोटीवर पाय ठेवला. त्याच्या वजनानं बोट किंचित कलली, मग सावरली. तो सरपटत माझ्याशेजारी आला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं फट पाहिली. मला वाटलं, तो काहीतरी शास्त्रशुद्ध कारण सांगेल. फटीत शिंपले अडकले असतील, चिखल बसला असेल. तसं सांगितलं असतं तर मी जन्मभर तेच धरून बसले असते.

"किती ठोके आले?" त्यानं विचारलं.

"दोन."

"सावकाश?"

"हो."

त्यानं डोळे मिटले. "धाकटा," तो म्हणाला.

मला मामा दोन. होते. धाकट्या मामानं मला पोहायला शिकवलं. मला पाठीवर घेऊन तो खाडी ओलांडायचा. तो गोदीतला पाणबुड्या होता. मी परदेशी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तो कामावर असताना बुडाला. आईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, पंप बंद पडला. मी आले नव्हते. माझी परीक्षा होती. परीक्षा उत्तम गेली.

"याच बोटीखाली," मामा म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता फटीकडे. "हेच काम. मी इथे होतो, तू आहेस तिथेच. दोरी भरली, नट आवळला. तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी हाक मारली, लवकर या, एका बोटीच्या इंजिनातून धूर येतोय. मी तसाच गेलो. हात पुसत गेलो." त्यानं नटावरून अंगठा फिरवला. "तीन ठोके द्यायचे राहिले."

वर पाणकावळा उभा होता. त्याची सावली हलली.

"पंपातलं तेल संपलं," मामा म्हणाला. "मला दिसलं तेव्हा तास होऊन गेला होता."

"पण तो वर का नाही आला, मामा? हवा बंद झाल्यावर… तो तर माशासारखा पोहायचा…"

"कसा येईल? मी आत आहे असं वाटत होतं ना त्याला. सोडलं असतं तर पाणी माझ्या अंगावर." मामानं तोंडावरून हात फिरवला, ग्रीसचा पट्टा उमटला. "पट्टा घट्ट राहावा म्हणून त्यानं पट्ट्याची टोकं मनगटांना गुंडाळून घेतली होती. हात सोडवायला दोन माणसं लागली. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. पंप बंद पडला एवढंच सांगितलं. ते काही खोटं नाही."

खोटं नव्हतंच ते.

थोड्या वेळानं मामानं हात पुढे केला. "दोरी दे."

त्यानं उरलेला चौथा वेढा कापला, माझ्यासारखा तीन-तीनदा नाही, एकदाच. बोटांनी बसवला, सांधा फिरवला. नट पुढे आणला, हातानं घट्ट केला, मग पान्यानं अर्धा आटा. सगळं इतकं हळुवार, की मी आजवर कुणाला यंत्राला तसा हात लावताना पाहिलं नाही. काम पुरं झालं. दांड्याभोवती अजूनही कोरडंच होतं. नव्या दोरीतूनही थेंब यायला हवा होता. येत नव्हता.

"अजून धरलंय," मी म्हटलं.

मामानं पाना उलटा धरला. ठोका द्यायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. मी किती वेळ वाट पाहिली सांगता येणार नाही.

"मी देऊ?" मी विचारलं.

"नको. तो माझीच वाट बघतोय."

ठक.

ठक.

ठक.

"झालं रे," मामा म्हणाला. लाकडाला तोंड लावून, लहान भावाला जेवायला उठवावं तसं. "झालं. उशीर झाला मला. वर ये."

पाण्याची ती घोळवल्यासारखी कुजबुज थांबली होती. का थांबली ते कळलं नाही. मग नटाच्या खालच्या कडेवर काहीतरी चमकलं, फुगलं, आणि एक थेंब तळात पडला. आम्ही दोघं पुढच्या थेंबाची वाट बघत राहिलो. पडला. मी घड्याळ लावलं. मिनिटाला चार.

मामा तिथेच, ग्रीसमध्ये कपाळ टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दांडा फिरवण्याआधी बाहेरून बघणं भाग होतं. मामा नको म्हणत होता, पण पाणकावळा म्हणाला, "बघायला तर हवं, मामा. पोटापाण्याचं काम आहे माझं." तो पंप लावून उतरला, दोन मिनिटांत वर आला. धक्क्याच्या पायरीवर बसला. त्या दिवशी त्यानं हात पसरले नाहीत.

"पट्टा नाही, काही नाही," तो म्हणाला. "दांड्यावर शिंपले बसलेत. पाच वर्षं हलली नाही ना बोट… बोटभर थर आहे. पण बोटीलगत एवढ्या जागेवर…" त्यानं दोन्ही मुठी एकापुढे एक धरून दाखवल्या. "एवढ्या जागेवर एकही नाही. लोखंड चकचकतंय, ताई. रोज हात लागत असावा तसं."

मग त्यानं ओल्या अंगावरच शर्ट चढवला आणि घरी गेला.

चार वाजता साहेब आले. ते कमी बोलणारे गृहस्थ आहेत. पालथे पडले, घड्याळ लावून थेंब मोजले, कपडे झाडत वर आले. "पाण्यात असताना बदललंत?" त्यांनी विचारलं. मामा हो म्हणाला. "बाहेरून कुणी धरलं होतं?"

"माझ्या भावानं," मामा म्हणाला.

"हात चांगला आहे त्याचा," साहेब म्हणाले आणि सही केली. आठ माणसांचा परवाना.

दोन आठवड्यांत फेऱ्या सुरू झाल्या. सुकाणूवर मामा बसायला लागला. मी म्हटलंही नव्हतं. तो आता रात्री झोपतो, मामी सांगते. शीळ घालतो. मध्येच बाजूला बघून हसतो.

पहिल्या फेरीला परतताना बोटीवर मी, मामा, परिचारिका आणि चार आजारी माणसं होतो. शेवटच्या बेटाच्या धक्क्यावर एक म्हातारा उभा होता, सुजलेला हात गळ्यात बांधून. "माझी जागा आहे ना, पोरी?" तो म्हणाला. "सातच दिसताय."

बोटीच्या अंगावर एक पांढरी रेषा आहे. परवान्याच्या अर्जासाठी ती लागते. मी गोदीतली आठ माणसं एका दुपारी बोटीवर उभी करून, पाणी जिथे टेकलं तिथे ती ओढली होती. ते या सगळ्याच्या कितीतरी आधी. सात माणसं असली की रेषा पाण्याच्या बोटभर तरी वर दिसायला हवी. मी वाकून पाहिलं. पाणी रेषेला टेकलं होतं.

तळ तपासला. कोरडा. टाक्या तपासल्या. मग मामाकडे पाहिलं. तो शांतपणे सुकाणू धरून, बाकावर कडेला सरकून बसला होता.

"भरली बोट," मामा म्हाताऱ्याला म्हणाला. "उद्या सकाळी पहिले तुम्हालाच घेतो, काका."

धक्क्यावर कुणीही मागे राहणार नाही, असं मी माझ्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तो म्हातारा लहान होत जाताना मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याला घेऊन आलो, आणि मी परवान्यावर आठाचे सात करून घेतले. साहेबांनी कारण विचारलं नाही. मला ते जडही गेलं नाही, खरं सांगते. ज्यानं एवढा वेळ पाणी धरून ठेवलं, त्याला बसायला एक जागा लागणारच.

थेंब अजून मिनिटाला चारच पडतात. मी रोज मोजते.

फक्त एक आहे. गेल्या गुरुवारी गर्दी नव्हती. आम्ही सहाच जण होतो. निघताना सवयीनं वाकून पाहिलं, तर पाणी रेषेला टेकलेलं. धाकट्या मामाला धरूनही आम्ही सातच होत होतो. मी बोटीच्या दोन्ही अंगांना जाऊन पाहिलं. आणि मग पुन्हा एकदा माणसं मोजली.